ल्युना म्हणणारी पाहुणी

आधी एक गैरसमज दूर करतो. मी कापा बोलतोय, पण फणसातला कापा नव्हे. मी पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मिरांदा मुलखातला कापा, म्हणजे अंगावर घ्यायचा लोकरीचा झगा. तुमच्या घोंगडीच्या नात्यातला म्हणा हवं तर. फरक इतकाच की घोंगडी दुमडून खांद्यावर टाकता येते. मला दुमडायला दोन माणसं लागतात आणि तरी मी त्यांच्या मनासारखा दुमडत नाही. इतका जाड आणि ताठ आहे मी, की नीट ठेवलं तर आत माणूस नसतानाही उभा राहतो.

माझा रंग कुणी दिलेला नाही. आमच्याकडच्या काही मेंढ्या काळपट तपकिरी असतात, तोच माझा रंग. उर्झेदू गावातल्या बायकांनी ती लोकर कातली, मागावर विणली आणि मग ते कापड ओढ्यावरच्या चक्कीत टाकलं. तिथे पाण्याच्या जोरावर वरखाली होणारे लाकडी हातोडे असत. ओल्या अंगाने त्यांचा मार खात पडून राहायचं, धागा धाग्यात मुरेपर्यंत. नंतर माझ्यातून पाऊस आत गेला नाही तो त्या मारामुळे.

मला रूप दिलं दोमितीलिया शिंपिणीने. डोक्यावर टोपी, खांद्यावर आखूड झालर, टोपीपासून पाठीवर लोंबणारी रुंद पट्टी. माझ्याच कापडाच्या तुकड्यांतून तिने पानं, वेण्या आणि चक्रं कापली आणि एकेक टाका घालून माझ्या अंगावर बसवली. सगळं एकाच रंगाचं, तरी उन्हात नक्षी उठून दिसते. सुई बोटात घुसली की ती मला शिव्या घाली, आणि मग बोट तोंडात धरून म्हणे, "तुझी चूक नाही रे बाबा, डोळ्यांची आहे."

माझा पहिला मालक आबिलियू. गुराखी माणूस. त्याने लग्नासाठी मला शिवून घेतलं. एक दिवस मिरवलो आणि दुसऱ्या सकाळी गाईंमागे माळावर गेलो. आमच्याकडे म्हणतात, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. ते नऊ महिने मी आबिलियूच्या अंगावर असे. देवळात जाताना मी, मयताला जाताना मी, वासराला घरी आणायचं तर त्यालाही माझ्याच पोटात घ्यायचा.

त्याचा मुलगा बेल्मिरू. ही गोष्ट त्याची आहे. लहानपणी तो चुलीपाशी माझ्यात शिरून बसे, आणि बाहेरून फक्त नाक दिसे. शाळेत जायला लागला आणि पहिल्याच आठवड्यात गाल लाल करून घरी आला. बाईंनी चंद्राचं चित्र दाखवून विचारलं होतं, हे काय? तो म्हणाला, "ल्युना." आमच्या मिरांदी बोलीत चंद्र म्हणजे ल्युना. शाळेची भाषा पोर्तुगीज, तिच्यात तो लुआ. बाईंनी कानाखाली वाजवली आणि म्हणाल्या, "लुआ म्हण. ती गुरांची बोली गोठ्यात ठेवून येत जा."

तेव्हापासून त्याच्या दोन जिभा झाल्या. एक उंबऱ्याच्या आतली, एक बाहेरची.

तरुणपणी त्याला सैन्यात जावं लागलं. तेव्हा सगळ्यांनाच जावं लागे. बरोबरीची पोरं आफ्रिकेत लढाईवर गेली. बेल्मिरूच्या वाट्याला तिमोर आलं, पार ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचं, तेव्हा पोर्तुगालच्याच ताब्यातलं बेट. तिथे लढाई नव्हती. लिहिता-वाचता येणारा शिपाई म्हणून त्याला चौकीजवळच्या पोरांना शिकवायला बसवलं. परत आला तेव्हा शेजारी गोळा झाले.

"मगरी पाहिल्यास का रे?"

"पाहिल्या."

"मग?"

"मग काय? त्या पाण्यात होत्या, मी काठावर."

याहून जास्त त्याने कुणाला सांगितलं नाही. पुढे आबिलियू गेला आणि मी बेल्मिरूच्या खांद्यावर आलो. त्याने आल्तीनाशी लग्न केलं. ती बाई बोलकी होती. "कापा घातलास की बिशप दिसतोस," ती त्याला म्हणायची, "आणि काढलास की बिशपचा गडी." त्यांना मूल झालं नाही. दोघं गाई राखत, हिवाळ्यात डुक्कर कापून धुरावर टांगत, चेस्टनट भाजत, भांडत आणि हसत.

गाव मात्र रिकामं होत गेलं. कुणी फ्रान्सला गेलं, कुणी पोर्तोला. शाळा बंद पडली. मग एके दिवशी रेडिओवर सांगितलं की मिरांदी बोलीला सरकारने मान्यता दिली, आता ती शाळेत शिकवणार. बेल्मिरूने गालावर हात फिरवला आणि म्हणाला, "हे या गालाला कुणीतरी कळवा." आल्तीना हसून हसून खोकायला लागली.

तो खोकला नंतरच्या हिवाळ्यांत वाढत गेला. त्यातच ती गेली. तिला पोचवून आला त्या दिवशी बेल्मिरूने मला अंगातून काढलं, ट्रंकेत घातलं, आणि वास लागू नये म्हणून आल्तीना ठेवायची तशी पिकली बिही, सफरचंदासारखं ते घमघमतं पिवळं फळ, माझ्या कुशीत ठेवली. झाकण बंद झालं.

ट्रंकेतून मला घर ऐकू यायचं. ऐकण्यासारखं फारसं नव्हतं. सकाळी पाववाल्या नेल्सनच्या गाडीचा हॉर्न. "काका, एक मोठा?" "एक मोठा." "उद्या?" "उद्यापण." मग दिवसभर फक्त लाकूड फुटण्याचा आवाज.

शरदात त्याची भाची इलीदिया पोर्तोहून आली. "मामा, गुडघे बघा तुमचे. पायऱ्या चढता येत नाहीत. मिरांदा शहरात वृद्धाश्रम चांगला आहे, गरम खोल्या आहेत, मी बघून आलेय."

"बरं."

"बरं म्हणजे? भांडणार नाही?"

"नाही. नाताळ इथे करू दे, जानेवारीतला तीन राजांचा सण झाला की जातो. एकच अट. मेलो की कापा घालून पुरायचं."

"बरं, मामा."

असं माझं ठरलं. मी वाईट वाटून घेतलं नाही. मेंढीच्या अंगावर होतो तेव्हापासून मातीशी ओळख आहे माझी.

नाताळ जवळ आला होता. हॉर्न वाजला आणि नेल्सनचा आवाज आला, "बेल्मिरूकाका, आज पावाबरोबर पाहुणी पण आणलीय. बसथांब्यावर गारठून उभी होती. तुमचं नाव विचारते."

"माझं? गावात दोन बेल्मिरू होते. मेलेल्याकडे आली असेल."

"तिमोरला गेलेला बेल्मिरू, म्हणते."

मग दार उघडलं. बाईमाणसाची पावलं आत आली, आणि दातांवर दात आपटल्याचा आवाज. बेल्मिरूने तिला चुलीपाशी बसवलं, पण थरथर थांबेना. तेव्हा ट्रंकेचं झाकण उघडलं. उजेड आला आणि पाठोपाठ धूर.

"घे हा," तो म्हणाला. "जड आहे, पण कुडकुडणं बंद होईल."

माझ्या वजनाने ती बाकावर बसल्या जागी खचलीच. तिशीची, सावळी, बारीक चणीची. पातळ जाकीट, पायात कापडी बूट. टोपीतून डोळे तेवढे दिसत होते. तिने माझ्या कडा चाचपल्या, नक्षीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काका, हा आपला आपण उभा राहतो का हो?"

बेल्मिरूच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. तुम्हीच त्यांना सांगितलं होतं."

तिचं नाव ओलांदीना. तिमोरमधल्या लोस्पालोसची. तिथे शाळेत शिकवायची आणि आता शिक्षकांच्या वरच्या अभ्यासासाठी जवळच्या ब्रागांसा शहरात आली होती. पोर्तुगाल पहिल्यांदाच पाहत होती. "मला वाटायचं, ही भाषा मला पक्की येते," ती सांगू लागली. "लहानपणापासून बाबांनीच शिकवली. पण इथे वर्गात पहिल्याच दिवशी मी म्हणाले, काल ल्युना किती मोठी होती, तर सगळे हसले. एक मुलगी हसली नाही. मला म्हणाली, अगं, हा माझ्या आजोबांचा शब्द, तू कुठून उचललास? ती मिरांदाची. तिच्या आजोबांना विचारलं, तिमोरला गेलेला बेल्मिरू कोण? ते म्हणाले, उर्झेदूचा. दुसरा कोण असणार?"

"तुझ्या बापाचं नाव?"

"तोमे. तोमे शिमेनेस. तुमच्या वर्गात पहिल्या रांगेत बसायचे."

बेल्मिरूने आठवून पाहिलं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. त्याला खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच बोलला असता. "नाही गं पोरी," तो शेवटी म्हणाला. "पोरं खूप होती. सगळी काळीभोर, सगळी हसरी. तोमे नाही आठवत."

ओलांदीनाने मान हलवली. एवढ्या लांबून आलेल्या माणसाने किती धीर धरावा? तरी ती म्हणाली, "त्यांच्याबरोबर शेळी यायची. घरी बांधली की ओरडायची, म्हणून शाळेत आणायचे. तिने एकदा तुमचा खडू खाल्ला."

"डब्यासकट," बेल्मिरू म्हणाला.

"हो."

"एका शिंगाची होती. डब्याचा पत्रासुद्धा चावला हरामखोरीने. मला कप्तानाला उत्तर द्यावं लागलं, खडू कुठे गेले म्हणून." त्याचे खांदे हलायला लागले. आल्तीना गेल्यापासून त्या घरात मी हसणं ऐकलं नव्हतं. "शेळी आठवते. शेळीच्या मागे एक पोरगं पळायचं, तेही आठवतं. तो तोमे?"

"तो तोमे."

मग त्याने पातेलं चुलीवर चढवलं. वाळवलेल्या शेंगा आणि धुरावरचं मांस. ती खात खात बोलत होती, तो ढवळत ऐकत होता.

"तुम्ही वहीतलं पोर्तुगीज शिकवायचात, पण गोष्ट सांगायला लागलात की शब्द बदलायचे. बाबांना वाटायचं, ते पण पोर्तुगीजच. तुम्ही गेलात, मग काही वर्षांनी सगळेच पोर्तुगीज गेले. शेजारच्या देशाचं सैन्य आलं. शाळेत ही भाषा बोलायची नाही, असा हुकूम निघाला. बाबा डोंगरात लपलेल्या पोरांना शिकवायचे. पाटी नव्हती. चुलीतली राख जमिनीवर पसरायचे आणि बोटाने लिहायचे. त्यामुळे आमच्या गावात अजून कितीतरी जण चंद्राला ल्युना म्हणतात."

बेल्मिरूने लाकूड सरकवलं. "त्या शब्दापायी मला थप्पड बसली होती."

"बाबांना तुरुंग झाला," ओलांदीना म्हणाली. "परत आले. एका कानाने ऐकू येत नाही, बाकी बरे आहेत."

त्याने पाव छातीशी धरून जाड तुकडा कापला आणि तिच्या ताटात ठेवला. मग आणखी एक. ती नको म्हणत होती तरी तो कापतच राहिला.

"त्यांनी मला एकच काम सांगितलंय, काका. लांडग्याच्या गोष्टीचं पुढे काय झालं, ते विचारून ये."

"कुठली गोष्ट?"

"बर्फ पडत होतं. तुमचे वडील माळावर एकटे. सात लांडगे मागे लागले. त्यांनी अंगातला कापा काढून बर्फात उभा केला, लांडग्यांना वाटावं की माणूसच उभा आहे. लांडगे जवळ आले, आणखी जवळ आले..." ती थांबली. "आणि तुमची परतीची होडी आली. बाबा आम्हाला ही गोष्ट नेहमी सांगायचे आणि नेहमी इथेच थांबायचे. आम्ही विचारायचो, पुढे? ते म्हणायचे, पुढे गुरुजींची होडी आली. माझ्या भावाने एकदा शेवट जोडला, लांडगे कापा खातात आणि पोटात लोकर अडकून मरतात. बाबा इतके चिडले! म्हणाले, गोष्ट ज्याची, शेवट त्याचा."

आता मला काय वाटलं असेल, विचार करा. जगाच्या दुसऱ्या टोकाला पोरंबाळं मला बर्फात उभं करून ठेवत होती आणि मला पत्ताच नव्हता.

"तुला नाही सांगणार," बेल्मिरू म्हणाला. "ज्याने वाट पाहिली त्याला सांगेन. तुझ्या फोनवर तो दिसतो का?"

"दिसतो. पण इथे फोन लागत नाहीये."

"इथे नाही लागत. वर देवळापाशी लागतो. सकाळी जाऊ."

सकाळी त्याने दाढी केली. मग माझ्याकडे पाहत उभा राहिला आणि मला उचलून अंगावर चढवलं. तो वाकला होता, माझी कड आता जमिनीला टेकत होती. "गुडघे चालणार नाहीत," तो म्हणाला. मग हॉर्न वाजल्यावर नेल्सनलाच सांगितलं, "आज पाव नको. आम्हाला वर सोड."

"काका, तुम्ही बसाल, पण हा कसा बसणार?"

मी पुढच्या सीटवर मावेना. शेवटी बेल्मिरूला मागे, पावांच्या टोपल्यांमध्ये उभ्यानेच नेलं. देवळासमोर उतरलो तेव्हा माझ्या झालरीत पीठ होतं. कड्याखाली दोउरू नदी, पलीकडे स्पेन, आणि चावणारा वारा. ओलांदीनाने फोन धरला.

तिकडे संध्याकाळ होती. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. एक पांढऱ्या केसांचा माणूस खुर्चीत बसला होता. बेल्मिरूला पाहताच तो उठला, हात बाजूला ताठ धरले आणि म्हणाला, "तोमे हजर, गुरुजी."

बेल्मिरूने फोनमधल्या अंगणात इकडेतिकडे पाहिलं. "तोमे," तो म्हणाला, "तुझी शेळी कुठाय?"

"मेली, गुरुजी. तिची पणती आहे. आणू?"

"राहू दे. बस खाली."

"उभाच बरा आहे मी. गोष्ट सांगा."

बेल्मिरूने घसा साफ केला आणि आमच्या घरच्या बोलीत सुरुवात केली. "आधी एक दुरुस्ती. लांडगे सात नव्हते. तुम्ही पोरं घाबरावी म्हणून मी वाढवले. माझे वडील गावात तीन सांगायचे. मरताना मला खरं सांगून गेले. एकच होती. मादी. म्हातारी, बरगड्या निघालेली."

हे अगदी खरं. मी तिथे होतो.

"वडिलांनी कापा उभा केला आणि उतारावरून घसरत जाऊन दगडी खोपटात शिरले. दार लावलं. बाहेर वारा घोंघावत होता. त्यांना वाटलं, कापा गेला, फाडून टाकणार. उजाडल्यावर काठी घेऊन आले. कापा होता तसाच उभा. एक टाका निघालेला नाही. आणि त्याच्या आडोशाच्या बाजूला बर्फात खळगा पडला होता. वितळलेला. एक जनावर अंग मुडपून झोपेल एवढा."

तोमे फोनच्या आणखी जवळ सरकला.

"ती त्यांना खायला आलीच नव्हती बहुतेक. तिला थंडी वाजत होती. वडिलांनी कापा झटकला आणि अंगात घातला. त्या हिवाळ्यात त्यांनी बंदूक खुंटीवरून काढली नाही. झाली गोष्ट."

तिचा श्वास माझ्या कडेला लागत होता, त्यात ओल्या कुत्र्याचा वास होता, हेही मी सांगू शकलो असतो. पण कापडाला कोण विचारतो?

तोमेने डोळे पुसले नाहीत, तसंच बघत राहिला. "गुरुजी," तो म्हणाला, "हा शेवट मला तेव्हा डोंगरात हवा होता."

"मला उशीर झाला," बेल्मिरू म्हणाला.

"परत सांगा. डाव्या कानाने काही कळत नाही, फोन उजवीकडे धरतो."

बेल्मिरूने परत सांगितली.

ओलांदीना दुसऱ्या दिवशी जाणार होती, ती नाताळपर्यंत राहिली. फ्रान्सहून, पोर्तोहून माणसं आली. देवळापुढे ओंडक्यांची होळी पेटली, कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचा पावा सुरू झाला, आणि झालरीचे घागरे घातलेले पुरुष टिपऱ्या घेऊन नाचायला उतरले. ओलांदीना आधी घागरे बघून हसली, मग टिपऱ्यांचे घाव इतके जोरात पडायला लागले की दोन पावलं मागे सरली. "हे नाचतायत की भांडतायत?" तिने विचारलं. बेल्मिरू म्हणाला, "बोटं शाबूत राहिली तर नाच." जो तो येऊन विचारत होता, ही कोण? आणि तो टोपी मागे सारून प्रत्येकाला सांगत होता, "माझ्या विद्यार्थ्याची मुलगी."

राजांचा सण झाला आणि तो ठरल्याप्रमाणे वृद्धाश्रमात गेला. गुडघ्यांपुढे इलाज नव्हता. पण मला बरोबर नेलं. ओलांदीना रविवारी बसने यायची, गोड दालचिनीचा पाव आणायची आणि त्याच्याकडून शब्द काढून घ्यायची. लोकर म्हणजे ल्याना, लांडगा म्हणजे ल्योबु. हळूहळू शेजारच्या म्हाताऱ्या खुर्च्या ओढून जवळ आल्या. एकीने सांगितलेला शब्द दुसरीला पटायचा नाही. "तुमच्या गावात तसं म्हणत असतील, अडाणी गाव तुमचं." अशी भांडणं जेवणापर्यंत चालायची. परिचारिका म्हणायच्या, रविवारी गोळ्या द्यायला फुरसत मिळत नाही.

उन्हाळ्यात तिचा अभ्यास संपला. ती निघायच्या आधी बेल्मिरूने इलीदियाला बोलावून घेतलं.

"कापा ओलांदीनाला द्यायचाय. तोमेसाठी."

"मामा, तुम्ही तर म्हणाला होतात, घालून पुरा."

"म्हणालो होतो."

"मग तुम्हाला काय घालू?"

"लग्नाचा सूट. घट्ट होतो, पण मेल्यावर तक्रार करणार नाही."

"आणि हा परक्या मुलखात धाडायचा? आजोबांचा कापा? तिथे थंडी तरी पडते का?"

"तुला हवाय का?"

इलीदियाने माझ्याकडे पाहिलं. फार प्रामाणिक बाई. "माझ्या फ्लॅटमध्ये कुठे ठेवू मी?"

"झालं तर मग."

ती उठली. मला घेऊन खिडकीपाशी बसली, ब्रशने झाडलं, आणि खांद्यावर सुटलेलं एक पान सुईदोऱ्याने परत बसवलं. दोमितीलियानंतर मला टाका घातला तो तिने. टाके बरेच वाकडे आहेत. ते कुणी उसवू नयेत, अशी माझी इच्छा आहे.

निरोप घेताना बेल्मिरूने मला हात लावला नाही. ओलांदीनाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "त्याला सांग, ओला झाला तर चुलीजवळ वाळवायचा नाही. वाऱ्यावर."

विमानतळावर मी कुठल्याच बॅगेत बसेना. शेवटी भर उन्हाळ्यात ओलांदीनाने मला अंगातच घातलं. रांगेतली माणसं वळून बघत होती. मी आयुष्यभर माळ, देऊळ आणि गोठा एवढंच फिरलेला, आणि आता ढगांच्या वर निघालो होतो. तिच्या शेजारचा माणूस म्हणाला, "बाई, थंडी वाजते वाटतं?" ती म्हणाली, "नाही, हे बाबांचं आहे."

लोस्पालोसला पोचलो तेव्हा अंगणात अख्खं गाव. तोमेने मला पाहिलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं, जमिनीवर उभं करून पाहिलं. मी उभा राहिलो. पोरं ओरडली. मग त्याने मला अंगावर घेतलं आणि ओलांदीनाला म्हणाला, "गुरुजींना लाव."

फोनवर बेल्मिरू आला, मागे दोन म्हाताऱ्या डोकावत होत्या. तोमेच्या कपाळावरून घाम गळत होता. आतून मी ओलाचिंब झालो होतो.

"तोमे, काढ तो. उकडून मरशील."

"आधी सांगा, नीट घातलाय का?"

बेल्मिरूने डोळे बारीक केले. "टोपी मागे घे," तो म्हणाला. "पट्टी पाठीवर सरळ कर. हां. आता चाल."

तोमे चालला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, माझं वजन खांद्यावर तोलत, मान वर धरून. पोरं मागून चालली. एका शेळीने माझी कड हुंगली, तिला तोमेनेच हाकललं.

"बरोबर," फोनमधून आवाज आला. "असंच."

सध्या माझा मुक्काम इथेच आहे. ही माणसं पूर्वजांच्या वस्तू उंच खांबांवरच्या घरात ठेवतात, विणलेली जुनी वस्त्रं, काठ्या, पोवळ्याच्या माळा. त्यांच्यातच मला टांगलंय. ती वस्त्रं माझ्याहून खूप पातळ आणि खूप रंगीत आहेत. आधी आमचं जमेना, आता जमतं. कसर लागू नये म्हणून इथे कडू पाला ठेवतात. बिहीची आठवण येते, नाही असं नाही. बेल्मिरूचे गुडघे आणखी बिघडले आहेत, पण रविवारी फोन येतो.

तुमच्या घरी एखादं जुनं जड कापड ट्रंकेत पडलं असेल, तर एकदा बाहेर काढा आणि कुणाला तरी पांघरायला द्या, एवढीच माझी विनंती. आता मला निघायला हवं. तोमे शिडी लावून वर येतोय. आज तो मला शाळेत नेणार आहे, पोरांना बर्फ म्हणजे काय ते समजावून सांगायला. त्याने स्वतः बर्फ कधी पाहिलेलं नाही. पण त्याला खात्री आहे की नीट झटकलं, तर माझ्यातून थोडं तरी पडेल.